डाख दिलेल्या ग्राफिक्स कार्डाची कैफियत

लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड बदलून अधिक ताकदीचे बसविता येते काय, असे लॅमिंग्टन रोडवरील कोणत्याही दुकानात विचारले असता ‘नवाच घ्या’ हे जे उत्तर तत्काळ पदरी पडते, त्यातील व्यवहार मला मान्य आहे. परंतु पातळपणा, उष्णता व वीज यांच्या कात्रीत सापडलेल्या या यंत्रात बदलते कार्ड स्वभावतःच असंभाव्य होय, असा जो सिद्धान्त त्या उत्तराच्या पाठीशी उभा करण्यात येतो, तो मला सर्वस्वी नामंजूर आहे.

प्रतिपक्षाचे जेवढे खरे, तेवढे आधी त्याच्या पदरात घालू. बहुतेक लॅपटॉपांचे मागील झाकण काढले असता तांब्याच्या चपट्या नळ्या प्रोसेसर व ग्राफिक्स चिप या दोहोंवरून पंख्याकडे गेलेल्या दिसतात, आणि त्या उचलल्यावर खाली जी चकाकती चिप नजरेस पडते, ती कोणत्याही खाचेत बसविलेली नसून पोटाखालच्या शेकडो सूक्ष्म डाखगोळ्यांनी मदरबोर्डाशी कायमची जखडलेली असते. गरम हवेच्या यंत्राने ती उखडून तिच्या जागी तशीच दुसरी बसविणारे कसबी कारागीर आपल्याकडे आहेत. परंतु अधिक सामर्थ्याची चिप बसवू पाहणारास बायॉस, मेमरीची जुळणी आणि विजेचा पुरवठा हे तिन्ही अडवितात. तेव्हा ‘करून देतो’ म्हणणाराच्या हाती आगाऊ रक्कम ठेवू नये, हे उत्तम.

परंतु आज जे होत नाही ते होण्याजोगेच नाही, हे अनुमान कोठून आले? एनव्हिडियाने २००४ च्या सुमारास लॅपटॉपातील सुट्या ग्राफिक्स कार्डांसाठी एमएक्सएम नावाचा साचा पुढे आणला. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीतील मोठे कार्ड ८२ बाय १०५ मिलिमीटरचे, म्हणजे तळहातावर मावेल एवढे, आणि जाड बांध्याच्या कित्येक लॅपटॉपांतून ते बरीच वर्षे नांदले. त्याचा घात उष्णतेने केला नाही. साचा सर्वांचा एक असला, तरी उष्णतावाहक नळ्यांची ठेवण व बायॉसमधील परवानगी ज्याची त्याची वेगळी राहिली, आणि पुढे पातळपणाच्या चढाओढीत त्या साच्याचा वालीच कोणी उरला नाही.

डेलच्या एलियनवेअर एरिया-५१एमचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २०१९ मध्ये बदलत्या ग्राफिक्सचा गाजावाजा करीत हा लॅपटॉप बाजारात आला. त्याच पिढीतील वरच्या दर्जाची कार्डे त्यात बसतही होती. परंतु पुढील वर्षीची नवी कार्डे जुन्या यंत्रास चालेनात, आणि २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनीविरुद्ध ग्राहकांच्या वतीने फिर्याद दाखल झाली. कार्ड सुटे होते, स्क्रूही सुटत होते. पुढच्या पिढीपर्यंत टिकली नाही ती फक्त ठेवण.

ती टिकविता येते, याचा पुरावा फ्रेमवर्कच्या सोळा इंची लॅपटॉपाने दिला आहे. २०२४ च्या आरंभी ग्राहकांच्या हाती पडलेल्या या यंत्रात ग्राफिक्सचा भाग मागील बाजूस सुटा बसतो, आणि त्याचे पंखे व उष्णताशोषक त्याच्यासोबतच निघतात, म्हणजे उष्णतेचा आक्षेप मुळातच निकालात निघतो. हा लॅपटॉप घेताना ज्यांनी एएमडीचे रेडिऑन ७७००एस घेतले होते, त्यांच्यासाठी २०२५ च्या ऑगस्टात एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७० चा भाग ६९९ डॉलरांस जाहीर झाला, आणि तो जुन्याच यंत्रात बसतो.

कोणी म्हणेल, बाहेरून पेटीत कार्ड जोडण्याची सोय असता हा खटाटोप कशाला? अशी पेटी जोडणारी थंडरबोल्ट ३ ची तार सेकंदास फक्त ४० गिगाबिट वाहते. डेस्कटॉपातील पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या सोळा पदरी खाचेतून अडीचशेच्या आसपास वाहतात. ॲपलच्या एम मालिकेतील यंत्रे तर ग्राफिक्सच्या कामासाठी अशा पेटीस दारातही उभी करीत नाहीत.

राहिला पातळपणा व हलकेपणा. ग्राफिक्सचा भाग लावल्याने फ्रेमवर्कच्या यंत्राचे वजन सुमारे ३०० ग्रॅम वाढते. तेवढे ओझे ग्राहकास पेलणार नाही, असे इतर निर्मात्यांनी त्यास न विचारताच परस्पर ठरवून टाकले आहे.