दोष टायरचा की कोनाचा?



मोटारीच्या मागच्या टायरची आतली कड तुम्ही कधी वाकून पाहिली आहे काय? बाहेरची कड सर्वांना दिसते. आतली कड मात्र टायर फुटेपर्यंत कोणी पाहत नाही.

स्पोर्ट्स मोटारींच्या शौकिनांत गाडी ‘खाली बसवण्याची’ मोठी हौस असते. मूळ स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी आखूड व ताठ स्प्रिंगा घालतात. गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर ती कमी झुकते आणि दिसतेही रुबाबदार. पुढे काही हजार किलोमीटर झाले, की मागच्या टायरांची बाहेरची नक्षी शाबूत असते, पण आतली कड गुळगुळीत गोटा होऊन तिच्यातून पोलादी तारा डोकावू लागतात. मालक टायरच्या कंपनीला शिव्या देतो, नवे टायर घालतो आणि पुन्हा तेच होते. अधिक जाणकार मंडळी म्हणतात, “चाके कलली आहेत ना, मग आतूनच झिजणार.” माझ्या मते येथेही बहुतेक वेळा खरा गुन्हेगार निसटतो.

चाकाचे दोन कोन येथे महत्त्वाचे आहेत. गाडीच्या मागे उभे राहून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून जितके कललेले दिसते, तो कॅम्बर. वरून पाहिले असता चाकाचे तोंड जितके आत किंवा बाहेर वळलेले असते, तो टो. इंग्रजीत टो म्हणजे पायाचे बोट. पायांचे अंगठे एकमेकांकडे वळवून उभे राहा, म्हणजे टो-इन काय ते कळेल.

आता थोडे गणित करू. टायरचा व्यास 60 सेंमी आहे आणि त्याची पुढची कड मागच्या कडेपेक्षा 3 मिमी आत आहे, असे समजा. म्हणजे चाक 600 ला 3, अर्थात 200 ला 1 या उताराने तिरके आहे. गाडी तर सरळच जाते. तेव्हा एक किलोमीटरच्या प्रवासात या चाकाला 5 मीटर आडवे सरकवले जाते, आणि 10,000 किलोमीटरमध्ये 50 किलोमीटर! हे सरकणे अखंड नसते. रबराचा प्रत्येक ठोकळा रस्त्याला टेकतो, आडवा वाकतो आणि सुटताना घसटतो. पण झीज होते ती या घसटण्यानेच. डावे व उजवे चाक विरुद्ध दिशांनी ओढत असल्याने दोन्ही ओढी एकमेकींना खोडून काढतात, आणि चालकाला काहीच जाणवत नाही.

एवढ्यावर हे थांबत नाही. लहान कोनांसाठी आडवे बल कोनाच्या प्रमाणात वाढते आणि घसटण्याचे अंतरही. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे तुम्ही शिकलाच आहात. म्हणून टो दुप्पट झाला, की घर्षणात खर्च होणारे कार्य सुमारे चौपट होते. रबर खाल्ले जाते ते या कार्यामुळे.

कॅम्बरचे काम निराळे आहे. 20 सेंमी रुंदीचा टायर 2 अंश कलला, तर त्याच्या दोन कडांच्या उंचीत सुमारे 7 मिमी फरक पडतो. टायर मऊ असल्याने तो दबतो आणि पूर्ण टेकतोही, पण भार आतल्या कडेवर जास्त पडतो. टो जे घासतो ते मग तेथेच अधिक घासले जाते. झीज कोठे व्हावी हे प्रामुख्याने कॅम्बर सांगतो, किती व्हावी हे टो. डाग आतल्या कडेवर दिसतो म्हणून आपण कॅम्बरला धरतो. कॅम्बर अगदी निर्दोष आहे असे मात्र नाही. जपानमध्ये हौशी लोक चाके अतोनात कलवतात. त्याला तेथे ‘ओनिक्यान’, म्हणजे राक्षसी कॅम्बर, असे नाव आहे. तशा गाडीचा टायर कडेवरच चालतो, आणि तेथे वेगळा आरोपी शोधण्याची गरज नाही.

पण स्प्रिंग आखूड केल्याने कोन बदलतात तरी का? बीएमडब्ल्यूची 1982 ते 1994 या काळात तयार झालेली ‘ई-30’ ही गाडी घ्या. तिचे मागचे प्रत्येक चाक एका लोखंडी हातावर बसवलेले असते. या हाताची बिजागरी गाडीला काटकोनात आडवी नसून 15 अंशांनी तिरपी असते. पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही घ्या. तिच्या कव्हरावर एक पेन्सिल चिकटवा, पण ती कण्याला समांतर न ठेवता सुमारे 15 अंश तिरकी ठेवा. वहीचा कणा ही बिजागरी आणि पेन्सिल हा चाकाचा आस. आता कव्हर हळूहळू उचला. पेन्सिल लगेच कलू लागते, हा झाला कॅम्बर. वरून पाहिले तर तिची दिशा सुरुवातीला बदलल्यासारखी वाटत नाही. कव्हर बरेच उचलले, की मात्र ती कण्याच्या दिशेकडे भरभर वळते, हा टो. हाताची लांबी 40 सेंमी मानून गाडी 4 सेंमी खाली बसवली, तर कॅम्बरमध्ये सुमारे दीड अंशाची भर पडते. टोमधला बदल अंशाच्या लहान भागात मोजावा लागतो, म्हणूनच तो नजरेतून सुटतो. या गाडीचे मागचे कोन जुळवण्याची सोय मुळातच नव्हती, त्यामुळे हौशी लोकांना विकेंद्री बोल्टांचे तुकडे जोडून घ्यावे लागतात. 1989 मध्ये आलेल्या माझदा ‘एमएक्स-5’ला तसे बोल्ट कारखान्यातूनच होते. ती खाली बसवल्यावर टो पुन्हा जागेवर आणता येतो.

आपल्याकडे ‘अलाइनमेंट’ म्हटले, की अजून पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पुढचीच चाके येतात. कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी घ्या किंवा अ‍ॅम्बॅसडर, दोघींचीही मागची चाके एकाच अखंड धुऱ्यावर पाट्यांच्या आधाराने बसवलेली असत. तेथे जुळवण्यासारखे काही नव्हतेच, त्यामुळे जुन्या मिस्त्रींची समजूत त्या गाड्यांपुरती बरोबरच होती. प्रत्येक चाक स्वतंत्र असलेल्या गाडीला ती लागू पडत नाही. मागचे एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त वळलेले असेल, तर गाडी किंचित तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडे धरावे लागते. अशा वेळी पुढची चाके कितीही जुळवा, टायर वाचत नाही.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. घर्षणाचा धडा उतरणीवरच्या ठोकळ्यावर संपवू नका. सपाट जागी उभी असलेली एखादी गाडी, मालकाची परवानगी घेऊन, मुलांना मोजू द्या. गवंड्याचा ओळंबा चाकाच्या रिमजवळ धरा. 14 इंची रिमवर 2 अंश कॅम्बर असेल, तर वरच्या व खालच्या कडेत सुमारे 12 मिमी फरक येतो, तो डोळ्यांनाही दिसतो. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना मध्यरेषेला समांतर दोरे ताणा आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोऱ्याचे अंतर मोजा. शर्यतींच्या मैदानावर आजही असे दोरे ताणतात. येथे फरक येईल एखाद-दोन मिलिमीटरचा. मुले पहिल्या खेपेस चुकतील, दुसऱ्यांदा मोजतील. तो 1 मिमी म्हणजे सुमारे 0.16 अंश, हे त्यांनाच काढू द्या.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही जाऊ नये.

फीतही नसेल तर तळहात पुरेल. तारा बाहेर आल्या नाहीत ना, हे आधी पाहून घ्या आणि टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर व एकदा बाहेरून आत. कॅम्बरने झिजलेला टायर एका बाजूला उतरता, पण दोन्हीकडून सारखाच गुळगुळीत लागतो. टोने खाल्लेला टायर एका दिशेने मऊ लागतो आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखा बोटांना अडतो.