नवी ग्राफिक्स-प्रणाली आणि जुनें यंत्र

आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांत अलीकडे एक वाद वारंवार ऐकूं येतो. संगणकावरील खेळांसाठीं ‘डायरेक्टएक्स १२’, ‘व्हल्कन’ अशा नव्या प्रणाली आल्यामुळें जुन्या यंत्रांचा काळ संपला, असें एक पक्ष म्हणतो. तर याच प्रणालींच्या योगें दहा वर्षांचें यंत्रहि नव्यासारखें धांवूं लागतें, असें दुसरा पक्ष छातीठोकपणें सांगतो. हा वाद केवळ करमणुकीचा असता, तर त्यासाठीं वार्षिकाचीं पानें अडविण्याचें आम्हांस कारण नव्हतें. परंतु मोर्णेकांठच्या या जुन्या शहरांतील ज्या घरांतून आमचे विद्यार्थी येतात, त्यांपैकीं पुष्कळ घरीं संगणक असलाच तर तो थोरल्या भावानें वापरून सोडलेला, नाहीं तर दुरुस्त करून विकलेला असतो. ‘हें यंत्र आतां निकामी झालें’ असें तेथें मुलानें म्हटलें, कीं घरांतील कोणाची तरी दुसरी गरज मागें सारावी लागते. म्हणून या वादांत खरें किती व खोटें किती, हें पाहणें अगत्याचें आहे. आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्धेंच सत्य बोलतात. जुनें यंत्र तरेल कीं बुडेल, हें त्याच्या वयावर तितकें अवलंबून नसून, त्याचा कोणता अवयव थकला आहे आणि खेळ रचणारानें किती काळजी घेतली आहे, यांवर अवलंबून आहे.

प्रथम ही प्रणाली म्हणजे काय, तें पाहूं. खेळ रचणारा आपला प्रोग्राम लिहितो. चित्र रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्ड करतें. या दोघांमधील आज्ञांची देवघेव कोणत्या नियमांनीं व्हावी, हें जो संकेत ठरवितो त्यास ‘ग्राफिक्स एपीआय’ म्हणतात. ओपनजीएल १९९२ सालीं व डायरेक्टएक्स १९९५ सालीं आलें. या जुन्या पद्धतींत ‘ड्रायव्हर’ नांवाच्या मध्यस्थाचें प्रस्थ फार. येथें कापसाच्या बाजाराची उपमा चांगली बसते. शेतकरी गाडी घेऊन येतो. प्रत पाहणें, वजन करविणें, हिशेब ठेवणें, हें सारें अडत्या पाहतो. शेतकऱ्यास विशेष कांहीं जाणावें लागत नाहीं. परंतु प्रत्येक गाडी एकाच दारांतून जात असल्यामुळें गर्दीच्या दिवशीं रांग लागते. ड्रायव्हरचेंहि तसेंच असतें. खेळाकडून येणारी प्रत्येक आज्ञा तो तपासतो, मेमरीची व्यवस्था लावतो, आणि हें काम बहुतांशीं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतें. बाकीचे कोअर पुष्कळ वेळ रिकामे बसतात.

नव्या पद्धतीनें हा अडत्या बराचसा बाजूस सारला. एएमडीची ‘मँटल’ २०१३ सालीं जाहीर झाली. ॲपलची ‘मेटल’ २०१४ सालीं, मायक्रोसॉफ्टचें ‘डायरेक्टएक्स १२’ विंडोज १० बरोबर २०१५ सालीं, आणि क्रोनोस ग्रुपचें ‘व्हल्कन’ फेब्रुवारी २०१६ मध्यें आलें. यांत आज्ञांच्या याद्या अनेक कोअरवर एकाच वेळीं तयार करतां येतात, आणि मेमरीची बरीचशी व्यवस्था खेळ रचणारासच लावावी लागते. शेतकरी आतां आपणच प्रत लावून व वजन करून माल आणूं लागला, असें म्हणाना! तो जाणता असेल तर अडत वांचते व वेळहि वांचतो. अजाण असेल तर अडत्या होता तोच बरा, असें म्हणण्याची पाळी येते.

आतां जुन्या यंत्राचा हिशेब मांडूं. सेकंदास ६० चित्रें दाखवावयाचीं तर एका चित्राच्या वांट्यास सुमारें १६.७ मिलिसेकंद येतात. समजा, एका यंत्रांत दर चित्रामागें प्रोसेसरला २५ व कार्डाला १६ मिलिसेकंद लागतात. दोघे जोडीनें काम करीत असले तरी गति मंद बैलाचीच, म्हणजे सेकंदास ४० चित्रें. नव्या प्रणालीनें प्रोसेसरचें काम १५ मिलिसेकंदांवर आणलें, तर तेंच यंत्र साठाच्या पुढें जाईल. उलट दुसऱ्या यंत्रांत प्रोसेसरला १० व कार्डाला ३३ मिलिसेकंद लागत असतील, तर प्रोसेसरचा भार निम्मा केला तरी तीस चित्रें तीं तीसच राहणार. तात्पर्य, प्रोसेसर थकलेला व कार्ड बरें असेल तेथें लाभ. कार्डच थकलेलें असेल तेथें फारसा लाभ नाहीं. इतकेंच नव्हे, तर दोन जीबी मेमरीच्या कार्डावर रचणारानें मेमरीचा हिशेब नीट ठेवला नाहीं, तर नव्या पद्धतींत खेळ पूर्वींपेक्षां अधिक अडखळूं शकतो.

अनुभवहि हेंच सांगतो. जुलै २०१६ मध्यें ‘डूम’ या खेळास व्हल्कनची जोड मिळाली, तेव्हां एएमडीचीं आधींच्या कांहीं वर्षांतील कार्डें लक्षणीय वेगानें चालूं लागलीं. एनव्हिडियाच्या त्याच काळच्या कार्डांस मात्र तितका लाभ झाला नाहीं. एएमडीच्या कार्डांत निरनिराळीं कामें एकाच वेळीं उरकण्याची जी शक्ति होती, ती जुन्या प्रणालींत वापरली जात नव्हती. नवी प्रणाली नवें बळ निर्माण करीत नाहीं. जें बळ पडून होतें तें कामास लावते, एवढाच याचा अर्थ.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. इंटेलचे चौथ्या पिढीचे प्रोसेसर २०१३ सालीं आले. त्यांतील अंगभूत ग्राफिक्सवर डायरेक्टएक्स १२ चालत असे. परंतु सुरक्षिततेचा एक दोष आढळल्यावर इंटेलनें नंतरच्या ड्रायव्हरमधून या पिढीपुरता तो आधार काढून घेतला. यंत्राचें बळ तेंच राहिलें. दार मात्र बंद झालें. ‘ॲलन वेक २’ हा खेळ ऑक्टोबर २०२३ मध्यें आला. त्यांतील ‘मेश शेडर’ ही नवी रीत एनव्हिडियाच्या २०१६ सालच्या दहाव्या मालिकेच्या कार्डांस अवगत नव्हती, म्हणून तेथें खेळ रखडत चाले. मार्च २०२४ मध्यें रचनाकारांनीं त्या कार्डांचा विचार करून सुधारणा केली आणि चाल बरीच सुधारली. कार्डें तींच होतीं. बदलली ती रचनाकारांची दृष्टि.

या दोहोंमध्यें एक तिसरा मार्गहि आहे. अकोल्याच्या स्थानकांत ब्रॉडगेज व मीटरगेज असे दोन्ही रूळ होते, त्या काळीं एका गाडीचा माल दुसरींत चढवावा लागे. ‘डीएक्सव्हीके’ हा प्रोग्राम असाच हमाल आहे. डायरेक्टएक्सच्या ९ ते ११ या जुन्या आवृत्त्यांच्या आज्ञा तो व्हल्कनच्या आज्ञांत उतरवून देतो. व्हाल्व कंपनीनें ऑगस्ट २०१८ मध्यें आणलेल्या ‘प्रोटॉन’मध्यें त्याचा उपयोग असून, त्यामुळें विंडोजचे असंख्य खेळ लिनक्सवर चालतात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांस प्रवेशच देत नाहीं. अशा वेळीं या मार्गाचें मोल वाढतें. तथापि नोव्हेंबर २०२२ मधील डीएक्सव्हीकेच्या दुसऱ्या आवृत्तीस व्हल्कन १.३ लागतें, ज्या कार्डांचे ड्रायव्हर त्याच्या अलीकडेच थांबले, त्यांस मागील आवृत्तीवरच समाधान मानावें लागतें. हमालाचीहि पाठ कोठेंतरी थकतेच.

यावर असें म्हणतां येईल कीं, प्रत्येक जुन्या यंत्रासाठीं निराळी वाट राखावयाची तर खर्च वाढतो, आणि नव्यानें जुन्यासाठीं किती काळ थांबावें? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. सर्व काळ सर्वांसाठीं कोणीहि थांबूं शकत नाहीं. परंतु थोडें थांबलें असतां काय साधतें, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्यें प्रथम आला तो निन्टेन्डो स्विचवर. आणि त्या यंत्रांतील चिप २०१५ सालच्या जातीची. लहान संस्थेस जें जमलें, तें मोठ्यांस जमूं नये असें नाहीं.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच. नव्या यंत्राचा हट्ट धरण्यापूर्वीं आपल्या यंत्राची परीक्षा करा. खेळांतील चित्राचें रिझोल्यूशन कमी करून पाहा. चित्रांची गति वाढली तर कार्ड थकलें आहे. वाढली नाहीं तर बहुधा प्रोसेसर. दुसऱ्या स्थितींत, खेळ दोन्ही प्रणाली देत असेल तर नवी लावून पाहा. पहिलींत जुनीवरच राहिलेलें पुष्कळदां बरें. कार्डाच्या डब्यावरील नांव पाहून किंवा मित्राच्या सांगण्यावरून आईबापांच्या खर्चाचा निर्णय करूं नका. पालकांनींहि मुलगा ‘एपीआय’ म्हणाला म्हणून गांगरून जाऊं नये. ही परीक्षा आपल्यासमोर करून दाखव, एवढें त्यास सांगावें.

आणि आज या बांकांवर बसणारांपैकीं उद्यां जो कोणी स्वतः खेळ रचील, त्यानें आपल्या टेबलावर नव्या यंत्राच्या शेजारीं एक दहा वर्षांचें यंत्रहि ठेवावें, व त्यावर खेळ चालवून पाहिल्यावांचून तो बाजारांत पाठवूं नये. तसें यंत्र त्यास विकत आणावें लागणार नाहीं. जुन्या शहरांत तें बहुधा त्याच्या घरींच असेल.