कुडाची भिंत आणि ‘कच्चें’ स्थापत्य

गवत, बांबू आणि माती यांची भिंत २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेंत ‘कच्ची’ ठरली. गोंदिया जिल्ह्यांतील कुडाचें घरही त्याच सदरांत पडलें. गरजवंतास घर मिळवून देण्यासाठीं हा शब्द सोयीचा असेल. परंतु स्थापत्याच्या विद्यालयांनींही तो शास्त्र म्हणून पत्करावा, हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

कूड म्हणजे काय? उभ्या मेढी रोवावयाच्या, त्यांतून बांबूच्या कामट्या एकाआड एक ओवावयाच्या, आणि वर शेणमातीचा गिलावा द्यावयाचा. हें विणकामच होय! भिंतीचें मूळ दगडांत नसून विणलेल्या चटईंत आहे, असें जर्मन स्थपति गोटफ्रीड झेम्पर यानें १८५१ सालींच प्रतिपादिलें. आमच्या पदवीधरांस झेम्परचें नांव पाठ असेल. दारची भिंत मात्र ठाऊक नसते.

पूर्व विदर्भांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसराचे कोश होतात व त्या रेशमाचें करवतकांठी लुगडें विणतात. त्यांत कांठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालतात. दोन रंगांचे धागे जेथें भेटतात तेथें ते एकमेकांत अडकवावे लागतात, आणि त्या सांध्याचीच दांतेरी नक्षी होते. सांधा झांकावा कीं मिरवावा, हा स्थापत्याचाही आद्य प्रश्न नव्हे काय?

कोणी म्हणेल, कूड भिजतो, त्यास वाळवी लागते, तो दरसाल लिंपावा लागतो; लोकांस सिमेंटचें घर हवें आहे. हें सर्व खरें आहे, आणि कोणीं गरिबीचें प्रदर्शन मांडावें असें आम्ही म्हणत नाहीं. पण बांबूचा बुंधा ओलीपासून कसा वांचवावा, वळचण किती पुढें काढावी, हेच तर संशोधनाचे विषय! रोगी अशक्त आहे म्हणून कोणी वैद्यक बंद करीत नाहीं. १९७२ सालीं म्यूनिकच्या क्रीडागारावर फ्राय ओटोप्रभृतींनीं ताणलेल्या तारांच्या जाळ्याचें छत उभारलें. त्यास कोणी ‘कच्चें’ म्हटलें नाहीं. जंगलाबाहेर वाढलेला बांबूही २०१७ सालीं वनकायद्यांतील ‘वृक्षा’च्या व्याख्येंतून वगळला गेला; तेव्हां ती सबबही उरली नाहीं.

आमची मागणी साधी आहे. स्थापत्याच्या विद्यार्थ्यानें कागदावर भिंत काढण्यापूर्वीं एक महिना बुरडापाशीं आणि एक महिना कोष्ट्याच्या मागावर बसावें, आणि त्या कारागिरांस अध्यापक म्हणून वेतन मिळावें. तोंवर ‘कच्चें’ हें विशेषण भिंतीपेक्षां अभ्यासक्रमासच अधिक शोभेल.