गरी लोखंडाचीच आहे

"तुझी गरी कसली रे? बांबूची?"

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी एका पडक्या जेटीवर मी गरवत बसलो होतो, तेव्हा माझ्या शाळासोबत्याने हा प्रश्न टाकला. त्याचे दोन ट्रक. खनिजाच्या तेजीत कर्ज काढून घेतलेले आणि खाणी बंद पडल्यावर अंगणात उभ्याउभ्या गंजलेले. त्याचं म्हणणं सरळ होतं. गरी पोलादाची, शिसं खाणीतलं, रीळ ॲल्युमिनियमचं, जेटीवर आलास ती स्कूटर लोखंडाची. मग खाणीविरुद्ध बोलायचा तुला अधिकार काय?

नदीत गळ टाकणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं, आणि बहुतेकांची मान खाली जाते. माझी जात नाही. गरी लोखंडाचीच आहे, हे मला कबूल. पण भात जेवणाऱ्याने शेतात खत किती पडतं हे विचारू नये, असं कोणी म्हणतं का? उलट जो जेवतो त्यानेच विचारायचं. ब्रिटनमध्ये गळाला लावायची छोटी शिशाची वजनं हंसांच्या पोटात जाऊन ते मरू लागले, तेव्हा १९८७ साली त्यांच्या विक्रीवर बंदी आली. तिथल्या गरवणाऱ्यांनी काही गळ मोडून टाकले नाहीत. दुसऱ्या धातूंची वजनं लावून ते पुन्हा काठावर बसले. वस्तू लागते म्हणून ती हवी तशी, हवी तेवढी आणि कोणाच्याही जिवावर घ्यावी, असा अर्थ होत नाही, एवढंच.

आता 'समाजाची गरज' या शब्दांकडे वळू. लोखंडाशिवाय पूल नाही, इस्पितळ नाही, हे खरंच. पण गोव्यातलं बरंचसं खनिज कमी प्रतीचं. देशातल्या पोलाद कारखान्यांना त्याची फारशी ओढ नव्हती. आधी ते जपानला गेलं, नंतर चीनला. चीनची मागणी भडकली तशी निर्यात वाढत गेली आणि २०१०-११ मध्ये ती पाच कोटी टनांच्या वर पोचली. टनभर खनिजामागे दोन-तीन टन माती उपसून डोंगरासारखी रचून ठेवायची, हा इथला साधा हिशेब. त्या काही वर्षांत समाजाला अचानक एवढं लोखंड कमी पडू लागलं होतं का? भाव चढला होता. भावाला गरज म्हणायची सवय आपल्याला लागली आहे.

माझ्या मित्राची गरज मात्र खरी आहे. त्याला हप्ते भरायचे आहेत, मुलीची फी द्यायची आहे. ती गरज त्याने तशीच, स्वतःच्या नावाने मांडली तर मी गप्प ऐकून घेईन. तो तिला राष्ट्राच्या पोलादाची शाल पांघरतो, तिथे आमचं वाजतं.

आमच्या बाजूलाही एक खोट आहे, तीही सांगून टाकतो. चोणक मिळत नाही, तांबोसा दिसत नाही, म्हणजे खाणीच कारण, असं आम्ही गरवणारे बिनदिक्कत ठोकून देतो. रेतीचा उपसा, सांडपाणी, पिल्लंसुद्धा न सोडणारी बारीक आसांची जाळी, हे सगळं त्याच नदीत चाललेलं असतं. खाणी बंद असतानाही मी कित्येक रविवारी रिकाम्या पिशवीने घरी गेलो आहे. तेव्हा मासा कोणी पळवला याची साक्ष मी देणार नाही. माझी साक्ष गाळापुरती. पहिल्या मोठ्या पावसानंतर शिसं तळाला टाकलं की ते टणकन लागत नाही, लोण्यात बोट जावं तसं आत जातं. वर ओढलं की शिशाच्या भोकात, तंगुसाच्या गाठीत तांबडा चिखल भरलेला. तो बोटाने काढताना मेंदीसारखा नखांत बसतो आणि दोन दिवस जात नाही. हाच चिखल भरतीबरोबर मानशीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, खाजनातल्या शेतांत शिरतो आणि भाताच्या रोपांवर बसतो. खाण थांबली तरी मातीचे ढीग थांबत नाहीत. दर पावसात ते थोडेथोडे नदीत येतच राहतात.

मग सगळ्या खाणी बंद करा? नाही. पण काही जागी खाण नकोच. अलास्कातल्या ब्रिस्टल बे खाडीचं उदाहरण घ्या. तिथे 'पेबल' नावाची तांब्या-सोन्याची प्रचंड खाण निघायची होती. तांबं लागतंच; पवनचक्क्या आणि विजेच्या गाड्या यांच्या काळात तर जास्तच. पण त्या नद्यांमध्ये २०२२ साली सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय सॅमन परतले होते. सॅमन आपली नदी ओळखतो ती वासावर, आणि पाण्यात विरघळलेलं तांबं किंचित वाढलं तरी त्याचं नाक बधिर होतं. मूळनिवासी, जाळीवाले आणि हौशी गरवणारे एरवी एकमेकांशी भांडतात, ते इथे एका बाजूला उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने खाणीचा गाळ-कचरा त्या पाणलोटात टाकायला मनाई केली. यावर आक्षेप असा की, तांबं मग दुसरीकडून येणार, कदाचित जिथे विचारणारं कोणी नाही अशा देशातून. आक्षेप खरा आहे. म्हणूनच 'इथे नको' एवढ्यावर थांबता येत नाही, 'किती' हेही विचारावं लागतं.

तो प्रश्न आपल्याकडे न्यायालयाने विचारला. ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबवल्यावर एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतला दहावा हिस्सा कायम निधीत ठेवायला सांगितलं. जमिनीतला ठेवा एकाच पिढीने उडवू नये, हा विचार त्यामागे होता. मला तो पटतो. फक्त त्यात नदीचा रकाना हवा. खनिजाचा प्रत्येक ट्रक काट्यावर जातो, किलोकिलोचा हिशेब होतो. नदीत किती माती गेली याचा काटा कुठे आहे? बार्ज भरतात त्या प्रत्येक जेटीवर पाण्याचा गढूळपणा रोज मोजावा आणि आकडा फळ्यावर लिहावा. ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की त्या दिवशी भरणी बंद.

हे मी मित्राला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग विचारलं, "आणि याचे पैसे?"

"खाणवाला देईल. टनामागे काही."

"देईल," तो म्हणाला, "आणि आमच्या भाड्यातून कापेल."

ओहोटी लागली होती. मी तंगूस गुंडाळायला घेतला. त्याच्या त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं; अजूनही नाही.