खोल्या झाडायला एवढं शिकवलं का?

गेल्या महिन्यात शाळा सुटताना माझी एक जुनी विद्यार्थिनी आईला घेऊन आली. बारावी झालेली, वडील रिक्षा चालवतात, पाठची दोन भावंडे शिकताहेत. तिला एका हॉटेलात हाउसकीपिंगचे काम मिळत होते. आई म्हणाली, "मॅडम, लोकांच्या खोल्या झाडायला एवढं शिकवलं का हिला?"

खरे सांगते, क्षणभर मलाही तसेच वाटले. मी मुलीला म्हटले, "बेटा, काम काय असतं ते तूच सांग."

ती सांगू लागली. एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या. दारावर टकटक करून "हाउसकीपिंग" असा आवाज द्यायचा, उत्तर नाही आले तरच दार उघडायचे. आधी पडदे-खिडक्या, मग जुन्या चादरी, कचरा, पलंग, धूळ, बाथरूम. फरशी सर्वांत शेवटी. संडासाचा कपडा वेगळा, बेसिनचा वेगळा. ब्लीच आणि टॉयलेटचे अ‍ॅसिड कधीच एकत्र करायचे नाही, विषारी वायू होतो. पाहुण्याची विसरलेली वस्तू, मग ती पिन असो वा पाकीट, नोंद करून जमा करायची.

हे ऐकून मी आईला म्हटले, "आपा, यात शिस्त आहे, अमानत आहे. मेहनतीची हलाल कमाई आहे. मग लाज कसली?"

आईची खरी काळजी मात्र वेगळी होती, आणि ती रास्त होती. म्हणून आम्ही मुलाखतीत विचारायचे प्रश्न वहीत लिहून काढले. तुमच्या घरातही कुणी या कामाला निघाले असेल, तर उपयोगी पडतील.

नियुक्तीपत्र हॉटेलचे की ठेकेदाराचे? पीएफ, ईएसआय कापतात का? रात्री 9:30 ते सकाळी 7 या वेळेत महाराष्ट्रात स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. मग पाळ्या कशा, आणि घरी सोडायला गाडी आहे का? दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिच्या सदस्यांची नावे कुठे लावली आहेत? डोक्यावर स्कार्फ चालेल का? खोलीतल्या फ्रिजमध्ये दारूच्या बाटल्या भरण्याचे काम कुणाकडे? हा शेवटचा प्रश्न कामावर रुजू होण्याआधीच विचारावा, नंतर कुरबुर नको. उत्तर पटले नाही, तर रुग्णालयांतही हाउसकीपिंगची कामे असतात.

खोली साफ करताना दार उघडे आणि ट्रॉली दाराशी, हा नियम मुलीने स्वतःच सांगितला. आईचा चेहरा तेव्हा थोडा सैल झाला.

पुढची वाटही आहे. रूम अटेंडंटपासून सुपरवायझर, मग असिस्टंट आणि शेवटी एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर. त्यासाठी इंग्रजी बोलणे आणि एखादा अभ्यासक्रम लागतो. मुंबईत दादरची हॉटेल मॅनेजमेंट संस्था 1954 साली सुरू झाली, तीही लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, म्हणजे एका स्त्रीच्याच.

आई वही घेऊन स्वतः हॉटेलात गेली. सहापैकी पाच उत्तरे समाधानकारक मिळाली. गाडीची सोय नव्हती, म्हणून मुलीने फक्त सकाळची पाळी मागितली आणि ती मिळाली. पहिल्या पगारातून तिने धाकट्या भावाची शिकवणीची फी भरली.

परवा आई पुन्हा भेटली. म्हणाली, "मॅडम, आता घरातल्या चादरीसुद्धा तीच घालते. एक सुरकुती दिसत नाही."