उपदेश पुरे, पत द्या

झाडीपट्टीतील शेतकरी कर्जात का बुडतो, असा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामांतील सुखवस्तू मंडळींजवळ उत्तर तयार असते. त्याला हिशेब कळत नाही, तो लग्नात उधळतो, दारूत घालवतो. तेव्हा आधी त्याला अर्थसाक्षर करा! मग शिबिर भरते, फलक लागतो, बचतीचे माहात्म्य सांगितले जाते आणि पाहुणे चहा घेऊन परततात. या समजुतीचा समाचार घेण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानकऱ्याला बुद्धी नाही, असे मानणे हेच मुळी अज्ञान होय. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ मध्ये आपल्या बांधीतील काही निराळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षे निवड करीत त्यांतून 'एच.एम.टी.' हे धानाचे वाण सिद्ध केले. २०१८ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांचा तांदूळ अनेक राज्यांतील ताटांत पोहोचला होता; त्यांच्या घरचे दारिद्र्य मात्र हटले नव्हते. या माणसाला कोणते शिबिर कोणता हिशेब शिकवणार होते? त्याच्यापाशी उणीव होती ती भांडवलाची आणि पतीची.

धानाच्या शेतीला पैसा लागतो तो मृग-आर्द्रात. बी-बियाण्याला, नांगरटीला, रोवणीच्या मजुरीला. पीक हाती येते ते दिवाळीच्या आगेमागे. मधल्या महिन्यांत घरातले धान संपलेले असते. अशा वेळी 'वाढीदिढी'चे दार उघडते. आषाढात एक खंडी धान न्यावे, कापणीनंतर दीड खंडी परत करावे. चार-पाच महिन्यांत मुद्दलाच्या निम्मे व्याज! म्हणजे दरसाल दर शेकडा शंभराहूनही अधिक. राज्याच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्याला तारणी कर्जावर ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के हीच कमाल मर्यादा ठरविली आहे. हा फरक शेतकऱ्याला कळत नाही काय? पुरता कळतो. पण रोवणीच्या त्या आठवड्यात दुसरे कोणतेच दार उघडत नसेल, तर त्याने चिखल तसाच सुकू द्यावा काय?

बँकेचे दार का उघडत नाही, हेही पाहू. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाने मुलाकडे जातो, पण तो विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. ते नसते तर आदिवासींच्या जमिनी केव्हाच सावकारांच्या घशात गेल्या असत्या. परंतु जी जमीन विकता येत नाही, तिला बँक तारण मानीत नाही. बटईने कसणाऱ्याच्या नावे तर सातबाराच नसतो. तलावांवर जगणाऱ्या ढिवर बांधवाची स्थिती याहून बिकट. तलावाचा ठेका संस्थेच्या नावे. त्याच्या स्वतःच्या मालकीचे काय, तर जाळे आणि डोंगा! २००८, २०१७ आणि २०१९ च्या मोठ्या कर्जमाफ्यांचा लाभही बँका व सोसायट्यांच्या वहीत ज्यांचे नाव होते, त्यांनाच झाला. ज्याला बँकेने उभेच केले नाही, त्याला माफ काय करणार?

ही कोंडी नवी नाही आणि ती फोडण्याची वाटही आपल्याला परकी नाही. छोटानागपूरच्या मुंडा-उरांवांच्या जमिनींना संरक्षण देणारा कायदा १९०८ मध्ये झाला. तो घडविण्यात येशूसंघीय फादर योहान हॉफमन यांचा वाटा होता. पण केवळ कायद्याने माणूस सावकाराच्या दारातून परत येत नाही, हे त्यांनी ओळखले. दुसऱ्याच वर्षी, १९०९ मध्ये, त्यांनी छोटानागपूर कॅथोलिक सहकारी पतपेढी स्थापन केली. आधी जमिनीला कवच, मागोमाग पतीचा आधार! गडचिरोलीला कायद्याचे कवच मिळाले. पतीचा आधार मात्र अद्याप अपुराच आहे.

आणि आपली वसई? १९१८ मध्ये मॉन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने तेथे कॅथोलिक पतपेढी उभी राहिली, तीच आजची बॅसीन कॅथोलिक बँक. सावकारी पाशातील शेतकऱ्याला परस्परांच्या विश्वासावर कर्ज मिळू लागले. आपल्या आजोबांना कोणी आधी बचतीवर व्याख्यान दिले आणि मग कर्ज दिले, असे घडले नाही. त्यांना पत मिळाली, म्हणून ते बचत करू शकले. ज्यांचे घर पतपेढीने सावरले, त्यांच्याच नातवंडांनी झाडीपट्टीतील बांधवाला उधळ्या म्हणावे, ही कृतघ्नता नव्हे काय?

'कर्ज बुडेल' ही भीती खोटी नाही. दुष्काळात पीक बुडते, तसे कर्जही थकते. पण त्यावर उपाय आहे: लहान रक्कम, शेजाऱ्यांची परस्पर हमी आणि फेडीची तारीख कापणीनंतरची.

जुन्या करारातील नहेम्याची कथा आपण ऐकलेली आहे. धान्यासाठी शेते नि घरे गहाण पडली, मुले दास्यात गेली, तेव्हा त्याने गरिबांना काटकसर शिकवली नाही. त्याने सावकारी करणाऱ्या सरदारांना सभेत उभे केले आणि शेतांसह व्याजही परत करावयास लावले. पोप लिओ तेरावे यांनीही १८९१ च्या परिपत्रकात अधाशी व्याजखोरीचा निषेध केला. आपल्या शिबिरांत मात्र बोट नेहमी ऋणकोकडेच!

तेव्हा शिबिरे घ्यायचीच असतील तर शिकवण्याजोगे पुष्कळ आहे. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू झाली आहे; १ जानेवारी २०२५ पासून शेतीसाठीचे २ लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. हे टोल्याटोल्यावर सांगा, अर्ज भरून द्या, अर्जदारासोबत बँकेच्या पायऱ्या चढा. १९६२ पासून चांदा येथे आपल्या धर्मप्रांताचे कार्य उभे आहे. तेथील मिशनकेंद्रांत धान्यकोष उभारा, आषाढात धान द्या आणि मार्गशीर्षात वाढीदिढीवाचून परत घ्या. वसईपासून नागपूरपर्यंतच्या सधन धर्मग्रामांनी आपल्या ठेवीतील एक हिस्सा अशा कोषाच्या हमीसाठी वेगळा काढावा.

हे जमणार नसेल तर निदान उपदेश तरी थांबवावा. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असलेल्या माणसाला व्याख्यान ऐकण्यास सवड नसते.