मजल्याचे मोल

घर बांधावयास निघालेला मनुष्य पायाची खोली विचारतो, खांबांची जाडी पाहतो, सिमेंटच्या गोणी मोजून घेतो. परंतु ज्यावर आपण उठतो, बसतो व निजतो, त्या मजल्याविषयी तो क्वचितच काही विचारतो. मजला म्हणजे पाय ठेवण्याची सपाट जागा, एवढीच आपली समजूत असते. ही समजूत बदलली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न आम्हां खानवेलकरांना परका नाही. नोव्हेंबर 2018 पासून शेजारच्या डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. भारतीय मानकाच्या 2002 च्या नकाशात आमचा प्रदेशही मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात होता. इकडे कुडाच्या घरांच्या जागी काँक्रीटची घरे उभी राहत आहेत. कूड हलका व लवचीक. काँक्रीट बळकट खरे, पण जड.

30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती व मातीची जड छपरे यांखाली हजारो माणसे गाडली गेली. तेव्हा काँक्रीटचे घर म्हणजे अभय, असे पुष्कळांना वाटले. 26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपाने ती आशा खोटी ठरविली. भूकंपाच्या केंद्रापासून 200 किलोमीटरांहूनही दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील अनेकींचा तळमजला मोटारींसाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला होता. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खालचा मात्र दुबळा. त्यामुळे सारा वाक खालच्या खांबांवर आला.

असे का होते? 12 सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे 300 किलो भरतो. म्हणजे दहा चौरस मीटरांच्या लहानशा खोलीवर तीन टनांचे ओझे असते. जमीन हलली की हे ओझे जागीच राहू पाहते आणि त्याचा हिसका खांबांना बसतो. वजन जितके अधिक, तितका हिसका मोठा.

परंतु मजला हा केवळ भार नव्हे, तो बंधही आहे. तारपा नाचात नाचणारे एकमेकांस धरून फिरतात. एकाचा पाय चुकला तरी इतर त्यास सावरतात. अखंड ओतलेला स्लॅब सर्व खांबांचे हात असेच एकत्र गुंफतो व हिसका त्यांच्यात वाटून देतो. स्लॅबला मोठे भगदाड पाडले, किंवा तयार फरश्या तुळयांवर नुसत्या टेकवून ठेवल्या, तर ही साखळी तुटते. 1988 साली आर्मेनियातील स्पिटाकच्या भूकंपात तयार भागांच्या अनेक इमारती अपुऱ्या जोडांमुळे कोसळल्या. कच्छमध्येही तयार भागांच्या काही शाळांची छते याच कारणाने खाली आली. 22 फेब्रुवारी 2011 रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे एकाच इमारतीत 115 माणसे दगावली. तिचे मजले आधाराच्या भिंतीशी पुरेसे जोडलेले नव्हते, हा चौकशीत आढळलेल्या दोषांपैकी एक होता.

यावर कोणी म्हणेल, गरिबाने एवढा विचार कोठून करावा? आमचे उत्तर असे, की यातील बहुतेक गोष्टींस पैशापेक्षा दक्षताच अधिक लागते. घराचा आकार साधा चौकोनी असावा. जिना व भिंती एकाच बाजूस एकवटू नयेत, नाहीतर घर पिळवटते. खांब तुळईहून बळकट असावा. त्याच्या सळयांभोवतीच्या रिंगा, विशेषतः सांध्यांजवळ, दाट असाव्यात व त्यांची टोके आत वळविलेली असावीत. दुकानासाठी खालच्या भिंती काढू नयेत. पाया एका मजल्याचा असता, अभियंत्यास न विचारता त्यावर दुसरा चढवू नये.

आमच्या विद्यार्थिमित्रांस एवढेच सांगणे आहे. तुमच्या घरी स्लॅब ओतण्याचा दिवस सणासारखा साजरा होतो. त्याच्या आदल्या दिवशी वडीलधाऱ्यांसह वर जाऊन सळया पाहा आणि मिस्त्रींना नम्रपणे प्रश्न विचारा. एकदा काँक्रीट पडले की आतील चूक डोळ्यांआड होते. भूकंपापासून मात्र ती लपत नाही.